साहेबांच्या टेबलावरची सुनावणी

लालबागच्या चाळीतून आम्ही घाटकोपरला राहायला आलो तेव्हा मी दुसरीत होते. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाबांना बोर्डाच्या वसाहतीत घर लागलं होतं. कामगारांसाठी, कारकुनांसाठी घरं बांधणारं सरकारी खातं म्हणजे बोर्ड. त्याचं लांबलचक नाव भाड्याच्या पावतीवर छापलेलं असायचं, पण ते कुणी उच्चारत नसे. "बोर्ड रंग देणार आहे", "बोर्डाचा माणूस आलाय", "बोर्ड काय करणार?" एवढंच.

एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात स्वतःचा नळ. पहिल्या संध्याकाळी आईनं तो नळ सोडला, बंद केला, परत सोडला. लालबागला तिनं पहाटे उठून पाण्यासाठी भांडणं केली होती. बाबा म्हणाले, "अगं, पाणी संपेल." आई म्हणाली, "संपू दे. बघते तरी." वसाहतीच्या मागे मिठागरं होती. उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग दिसायचे आणि संध्याकाळी खाडीचा वास यायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला थोड्याच दिवसांत तो वास येईनासा झाला.

दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराला लागून तात्यांचं दार. तात्या परळच्या एका गिरणीत फिटर होते. बोलणं कमी, हात सतत चालू. कुणाचा स्टोव्ह बिघडला, कुणाच्या सायकलची साखळी निसटली की आणून तात्यांच्या दारात ठेवायची, संध्याकाळी नीट करून मिळायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला, काकूंना, अर्धांगवायू झाला होता. त्या खिडकीपाशी खाटेवर असायच्या. मी शाळेतून आले की मला बोलवायच्या आणि त्यांच्या चांगल्या हातानं माझी वेणी सोडून परत घालायचा प्रयत्न करायच्या. एका हातानं वेणी येत नाही, पण मी बसून राहायची.

तात्या पहिल्या पाळीला गेले की काकूंकडे बघायला कुणी नसे. आई दिवसातून चारदा डोकावायची. मग एके दिवशी कणकवलीकडून एक बाई आली. पत्र्याची ट्रंक, आमसुलांची पिशवी, पांढरं पातळ. काकूंची लांबची मावसबहीण. लग्न होऊन दोन वर्षांत विधवा झालेली, दिराच्या घरात राबत होती. आई स्वागताला चहा घेऊन गेली तर ती आधीच मोरी घासायला बसली होती. "बसा गो, माझे हात खराब आसत," ती म्हणाली. तेव्हापासून ती आमच्या सगळ्या मजल्याची मावशी.

मावशीनं काकूंचं सगळं केलं. अंघोळ, जेवण, औषध, पाठीला तेल. काकू तिच्याशी मालवणीत बोलायच्या आणि आम्हाला न कळणाऱ्या गोष्टींवर दोघी हसत बसायच्या. चार वर्षांनी काकू गेल्या. तेरावं झालं, गावचे नातेवाईक परत गेले. मजल्यावरच्या बायकांना वाटत होतं, आता मावशीही जाणार. पण तिला जायला जागा नव्हती. दिरानं निरोप पाठवला होता की तिची खोली आता भाताच्या कणग्यांसाठी लागते.

तात्या आणि बाबा गॅलरीत उभे होते. मी उंबऱ्यावर अभ्यास करत होते.

तात्या म्हणाले, "त्या कुठे जाणार? राहू देत इथंच."

बाबा म्हणाले, "लोक बोलतील, तात्या."

"बोलू देत. मी बाहेर झोपेन."

त्यांनी त्याच दिवशी काकूंची लोखंडी खाट उचलून गॅलरीत, आपल्या दाराच्या डाव्या बाजूला टाकली. उन्हाळा होता. उन्हाळ्यात आमचे सगळे पुरुष गॅलरीतच झोपत, त्यामुळे कुणाला काही विशेष वाटलं नाही. खालच्या मजल्यावरच्या दोन बायका जिन्यात कुजबुजल्या, हे आईनं ऐकलं. मग पावसाळा आला. सगळ्यांनी गाद्या आत नेल्या. तात्यांनी गॅलरीच्या कठड्यावरून वरच्या आढ्यापर्यंत एक ताडपत्री बांधली आणि तिच्या आड झोपायला लागले. पुढच्या पावसाळ्यात तेच. त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही तेच. कुजबुज आपोआप थांबली. मावशी आत, तात्या बाहेर. सकाळी ती दाराबाहेर चहा ठेवायची, रात्री जेवायला तात्या आत जायचे, जेवून हात धुऊन बाहेर यायचे. ती त्यांना "अहो तात्यानू" म्हणायची. ते तिला काहीच म्हणत नसत, नुसतं बोलायला लागत.

त्या ताडपत्रीवरून एकदा गंमत झाली. वसाहतीच्या ऑफिसातल्या कारकुनानं नोटीस पाठवली. गॅलरीत अनधिकृत बांधकाम केल्याबद्दल खोली का काढून घेऊ नये, याचा खुलासा करावा. तात्यांचा चेहरा उतरला. बाबा मात्र खुशीत आले. बाबा फोर्टमध्ये एका कोर्टात कारकून होते आणि कोर्टाची भाषा ही त्यांची एकुलती एक चैन होती.

"घाबरायचं नाही," ते म्हणाले. "नोटीस म्हणजे नुसतं पत्र. बोर्डाला खोली घ्यायची तर आधी दावा लावावा लागेल. दावा लागला की आपण मुदत मागायची. तारीख पडेल. मग दुसरी तारीख. ताडपत्री कुजेल, पण दावा संपणार नाही."

त्यांनी तीन पानी खुलासा लिहून दिला. बोर्डानं पुढं काही केलं नाही. तेव्हापासून बाबांकडे सगळी वसाहत यायला लागली. कुणी गॅलरीला पत्रे मारले होते, कुणी मोरीवर माळा बांधला होता, कुणी दाराशी कोंबड्या पाळल्या होत्या. सगळ्यांना नोटिसा यायच्या आणि बाबा सगळ्यांना सांगायचे, "घाबरायचं नाही. तारीख पडू द्या." रविवारी सकाळी आमच्या घरात ही वर्दळ असायची आणि आई चहा करून करून वैतागायची. "तुमचं कोर्ट घरात कशाला आणता?" ती म्हणायची. पण साखर वाढवून आणायची.

माझं लहानपण या दोन दारांच्या मधे गेलं. रविवारी मावशी घावणे घालायची आणि मजल्यावरची सगळी मुलं ओळीनं बसायची. नारळाचा रस तिच्या हातचा, तसा मी नंतर कुठं चाखला नाही. दुपारी बायका गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या, मावशी गावच्या गोष्टी सांगायची, आणि तात्या खाटेवर पाय खाली सोडून कुणाचा तरी स्टोव्ह उघडून बसलेले असायचे. गणपतीत बाबा आरत्या म्हणताना कडवी चुकवायचे आणि मावशी पदराआडून दुरुस्त करायची. मी मॅट्रिक झाले तेव्हा तात्यांनी मला फाउंटन पेन दिलं, आणि ते कुठून आणलं हे सांगायचं टाळलं. मावशीनं नंतर सांगितलं, दादरला जाऊन दोन दुकानं फिरले. आम्हाला त्या दिवसांत काही फार मिळत होतं असं नाही. पण संध्याकाळी जिना चढून आलं की कुठल्याही दारात शिरता यायचं.

मी कॉलेजात होते तेव्हा कायदा बदलला. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. बाबांनी सकाळी पेपर वाचला आणि चहा तसाच ठेवला. संध्याकाळी जिन्याखाली माणसं जमली तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. बोर्डाला नवे अधिकार मिळाले होते. आता घर रिकामं करून घ्यायला बोर्डाला कोर्टात जायची गरज नव्हती. बोर्डाचाच एक अधिकारी नोटीस देणार, तोच सुनावणी घेणार, तोच हुकूम काढणार, आणि नाही ऐकलं तर पोलीस घेऊन येणार. अपीलसुद्धा सरकारातच. कोर्टाला मधे पडता येणार नव्हतं.

एकानं विचारलं, "मग तारीख?"

बाबा म्हणाले, "तारीख आता साहेब देणार. देईल तर."

त्या वेळी ते हसले, पण घरी आल्यावर सकाळचा पेपर परत उघडून बसले.

या नव्या अधिकाराची पहिली कारवाई आमच्याच इमारतीत झाली, आणि खरं सांगायचं तर आम्हाला ती आवडली. तळमजल्यावर एका माणसाला खोली मिळाली होती, पण तो स्वतः मुलुंडला बंगलीत राहायचा आणि इथली खोली एका व्यापाऱ्याला गोदाम म्हणून दिली होती. तिथं मिरच्यांची पोती असायची. सगळ्या जिन्यात खोकला. बाबांच्या जुन्या कायद्यानं हा माणूस कित्येक वर्षं टिकला होता, त्याचीही तारीख पडत होती. नव्या साहेबांनी त्याला महिनाभरात बाहेर काढलं. पोती ट्रकमधे भरली गेली, आणि काही दिवसांनी त्या खोलीत एक नर्स आणि तिची आई राहायला आली. आई म्हणाली, "बघा, तुमच्या कोर्टाला जे जमलं नाही ते झालं." बाबा म्हणाले, "झालं खरं." त्यांना वाद घालता येत नव्हता, कारण त्यांच्याही घशात मिरची गेलेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या गेले. पहिल्या पाळीहून आले, खाटेवर बसले, मावशीला पाणी मागितलं. ती पाणी घेऊन बाहेर आली तोवर त्यांची मान कलली होती. तिनं आरडाओरडा केला नाही. तांब्या खाली ठेवून आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, "जरा येतास? तात्या बोलत नाय."

सगळं कार्य आमच्या मजल्यानं केलं. गावाहून एक पुतण्या आला, अग्नी देऊन, दोन दिवस राहून गेला. त्याची गावाला शेती होती, खोलीत त्याला रस नव्हता. मावशी तशीच राहू लागली. दोन बिऱ्हाडांचं पोळ्या-भाजीचं काम तिनं धरलं. ती आयुष्यभर इथंच राहील असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एके दिवशी दुपारी ती स्वतःच वसाहतीच्या ऑफिसात गेली आणि तात्या वारल्याचं सांगून आली. बाबांना संध्याकाळी कळलं.

"मावशी, मला विचारायचं तरी," बाबा म्हणाले.

"काय विचारूचा त्यात? मेलेल्या माणसाच्या नावान पावती फाडतत, बरा दिसता काय?"

कारकुनानं तिला विचारलं होतं, तुम्ही त्यांच्या कोण? ती म्हणाली होती, कोणी नाय, शेजारी विचारा. थोड्याच दिवसांत नोटीस आली. मूळ भाडेकरू मयत, खोलीत अनधिकृत व्यक्ती राहत आहे, अमुक दिवशी साहेबांसमोर हजर राहावं. नोटीस मीच तिला वाचून दाखवली. 'अनधिकृत' म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, ज्याला परवानगी नाही असा. "परवानगी होती मां," ती म्हणाली. "तात्यांनी दिली होती."

बाबा त्यांच्या कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, यात आम्ही काही करू शकत नाही, आता तिथल्या तिथंच निकाल. बाबा घरी आले ते टोपी हातात घेऊन. 

आईनं मात्र ठरवून टाकलं. मजल्यावरच्या बायकांना तिनं आमच्या स्वयंपाकघरात गोळा केलं. "आपण सगळ्यांनी सांगायचं, ती त्यांची बायकोच होती. देवळात लग्न लावलं होतं. काकू गेल्यावर. कोण विचारायला बसलंय?"

शेजारच्या काकी म्हणाल्या, "आणि मंगळसूत्र?"

"काढलं ना तात्या गेल्यावर. विधवेच्या गळ्यात कुठून असणार?"

हे इतकं चपखल बसलं की कुणाला त्यात चूक दिसेना. बाबांनी सुद्धा हरकत घेतली नाही. मावशी भिंतीला टेकून बसली होती. ती काही बोलली नाही, आणि आम्ही समजलो की तिला पटलं.

सुनावणीच्या दिवशी आम्ही बसनं गेलो. मावशी, आई, बाबा, शेजारच्या काकी आणि मी. खोली राहू द्यावी असा अर्ज मी लिहिला होता, म्हणून मला नेलं. मला कोर्टासारखं काहीतरी अपेक्षित होतं. उंच आसन, पिंजरा, पुकारा. प्रत्यक्षात एक लांबट खोली होती, एक हिरव्या कापडाचं टेबल, त्यावर फायली आणि बशीनं झाकलेला चहा. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्या मागे खिडकीत कबुतरं बसली होती आणि शिपाई अधूनमधून त्यांना हाकलत होता.

बाबा उभे राहून बोलायला लागले, "महाराज, सदर इसमाची नम्र विनंती अशी की..."

साहेब म्हणाले, "हे कोर्ट नाही हो. बसा. सगळे बसा." खुर्च्या पुरल्या नाहीत, मी आणि काकी उभ्या राहिलो.

त्यांनी फाइल उघडली आणि मावशीकडे बघितलं. "बाई, भाडेकरूशी तुमचं नातं काय?"

मावशीच्या आधी आई बोलली. "साहेब, बायकोच त्या. पहिली बायको गेल्यावर लग्न केलं होतं. आम्ही सगळे शेजारी सांगतो."

साहेबांनी लिहायला पेन उचललं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "नाय."

आईनं तिच्या हातावर हात ठेवला. मावशीनं तो हळूच बाजूला केला.

"साहेब, ते माझे घोव न्हवते. ही माझ्यासाठी बोलता. मी खोटा बोलूचंय नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही त्या खोलीत कोण म्हणून राहत होता?"

"काकूंची भयण म्हणान इलंय. ती मरताना माका म्हणाली, ह्येंका जेवूक घाल. घालत रवलंय. ते भायर निजत. दर पावसाळ्यात. अंगावर पाणी पडा, तरी भायर. आज मी तेंची बायको म्हटलंय, तर ते कित्याक भायर निजले? तेंचा सगळा फुकट जाता."

ती रडली नाही. आईच रडायला लागली. शेजारच्या काकी खिडकीकडे बघत राहिल्या. मी अर्जाचा कागद घट्ट धरून उभी होते आणि मला लख्ख आठवतं, की मला मावशीचा रागही आला होता. एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं तेव्हा वाटलं.

साहेबांनी चष्मा खाली ओढला. फाइल परत चाळली. मग म्हणाले, "बाई, एक सांगतो. तुम्ही बायको म्हटलं असतंत, तर मला पुरावा मागावा लागला असता. तो तुम्ही देऊ शकला नसतात. मग खोटं सांगितल्याचं मला लिहावं लागलं असतं. तेवढं वाचलं."

"मग खोली?" बाबांनी विचारलं.

"खोली मला घ्यावी लागेल. घरातलं माणूस नसेल तर तिथं ठेवता येत नाही. तेवढी सूट मला नाही." मग मावशीकडे वळून ते म्हणाले, "पण मला नुसतं काढायचाच अधिकार दिलाय असं नाही. देण्याचाही थोडा दिलाय. बोरीवलीला नवीन चाळी होतायत. एकट्या बायकांसाठी काही खोल्या आहेत. तुम्ही अर्ज करा, मी शिफारस लिहितो. वरून सही यावी लागेल. तोवर इथं राहा."

मावशीला पटकन कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "कोणाच्या नावान?"

"तुमच्या," साहेब म्हणाले.

"माझ्या?"

"तुमच्याच. दुसऱ्या कुणाच्या कसं देणार?"

येताना आम्ही स्टॉपजवळच्या हॉटेलात चहा घेतला. बाबा कप हातात धरून बसले. "हा माणूस बरा निघाला," ते म्हणाले. "याच्या जागी दुसरा असता तर? कोर्टात न्यायाधीश कसाही असो, तारीख तरी पडायची. माणसाला सावरायला वेळ मिळायचा."

आई म्हणाली, "आणि तारखा पडता पडता ती म्हातारी झाली असती, डोक्यावर टांगती तलवार घेऊन. हे काय जगणं?"

हा वाद त्या दोघांत पुढे अनेक वर्षं चालला आणि कधी मिटला नाही. मला दोघांचंही पटायचं, अजून पटतं. मुलुंडच्या वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं प्रकरण नंतर बाबांकडे आलं. तिथं दुसरा अधिकारी होता. त्यानं अर्ज वाचलासुद्धा नाही. दोघं पंधरवड्यात रस्त्यावर आली आणि मुलीच्या सासरी, पनवेलच्या पुढं कुठंतरी, जाऊन राहिली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पण पुढच्याच रविवारी त्यांनी नवा कायदा विकत आणला आणि लाल पेन्सिलनं खुणा करत वाचायला बसले. ते आता कुणालाही "घाबरायचं नाही" असं सांगत नसत. "काय खरं आहे ते आधी मला सांगा," असं म्हणत.

मावशीच्या अर्जावर वरून सही आली दिवाळीनंतर. जायच्या दिवशी सकाळी तिनं खोली पाण्यानं धुतली, भिंतीसुद्धा हात पोचेल तिथवर पुसल्या. कारकून कुलूप घेऊन दारात ताटकळला होता. तो म्हणाला, "मावशी, राहू द्या, नवीन लोक करतील." ती म्हणाली, "तू बस रे बाबा. चाय घे." आईनं त्याला चहा दिला, जरी त्याला चहा द्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती. टेंपोत सामान थोडं होतं: ट्रंक, भांडी, देव, काकूंची ती लोखंडी खाट. मजल्यावरची मुलं टेंपोमागे गेटपर्यंत धावली. मावशी ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर देवांचं गाठोडं. तिनं मागं वळून बघितलं नाही. आई म्हणाली, तिची मान त्या गाठोड्यानं अडली असेल.

त्या खोलीत नवीन येणाऱ्यांशी बोलायचं नाही असं आईनं ठरवलं होतं. आले ते साताऱ्याकडचे टपाल खात्यातले गृहस्थ, बायको आणि दोन लहान मुली. पहिल्याच दिवशी त्यांचा नळ तुटला आणि आई पाण्याची कळशी घेऊन गेली. संध्याकाळी त्यांच्या मुली आमच्या घरात खेळत होत्या. गॅलरीत मात्र कितीतरी दिवस, तात्यांची खाट होती तिथं, कुणी काही ठेवलं नाही. मग त्यांनी तुळस आणून ठेवली.

माझं लग्न ठरलं तेव्हा आमंत्रण द्यायला मी आणि बाबा बोरीवलीला गेलो. स्टेशनपासून बरंच चालायचं होतं, डोंगराच्या बाजूला. तिकडं तेव्हा घरं कमी आणि झाडं जास्त. रस्त्याच्या कडेला माकडं बसलेली. चाळ एकमजली, कौलारू, रंग नवा. मावशी घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, "ऑफिसात गेलीय भांडायला. येईल आता."

थोड्या वेळानं मावशी आली, हातात छत्री, तोंडानं बडबड चालू. आम्हाला बघून तिनं आधी माझ्या पाठीवर थाप मारली, मग डोळे पुसले, मग लगेच बाबांना सांगायला लागली. कौलांतून पाणी गळतं, तीन वेळा सांगितलं, बोर्डाचा माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. "आज सांगून इलंय, उद्या नाय इलो तर साहेबाकडे जातंय. खोली माझ्या नावान आसा, म्हटलंय. कोणाच्या उपकाराची नाय."

बाबा हसले. तिनं आम्हाला बसवलं आणि घावणे घातले. नारळ दारावर येणाऱ्या नारळवाल्याकडून घेतलेला होता, तो तिला रोज एक आणून द्यायचा आणि ती त्याच्या मुलांना जेवू घालायची. तिनं आणखी दोघींना पोळ्यांच्या कामाला लावलं होतं. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाची चौकशी झाली. टपालवाल्यांच्या मुलींचीसुद्धा, ज्यांना तिनं कधी बघितलं नव्हतं. कुणाचा स्टोव्ह नीट चालतो का हेही विचारून झालं. बाबांनी तिला पत्रिका दिली. तिनं ती देवापुढे ठेवली.

निघताना बाबांनी विचारलं, "मावशी, घाटकोपरची आठवण येते का?"

"येता," ती म्हणाली. "येता तर." दार ओढून घेत ती आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली. डोंगरावरून वारा येत होता, तिच्या पदराला आणि माझ्या केसांना लागत होता. "पण हयसर वारो बरो," ती म्हणाली. मग पुढच्या वळणावर रिकामी पिशवी घेतलेला एक माणूस दिसला, तो बोर्डाच्या ऑफिसातला होता बहुतेक, कारण ती आम्हाला तिथंच सोडून त्याला गाठायला झपाझप निघाली.